वाचक विचारतात : ठेका कुणाच्या नावावर, पैसा कुणाच्या घरात?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत. गावच्या किंवा शहराच्या कारभाऱ्यांचा स्वतःचाच धंदा कारभारात अडकलेला आहे आणि तो कुठेही उघड केलेला नाही, अशी शंका आहे, पण ती सिद्ध कशी करायची? पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे आणि गावे गाळली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या गावात दोन वर्षांत पेव्हर ब्लॉक, गटार आणि हायमास्ट दिव्यांची कामे एकाच एजन्सीला गेली. एजन्सी सरपंचांच्या धाकट्या भावाची आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कागदावर मात्र कुठेच त्याचे नाव दिसत नाही. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : सुरुवात भावापासून करू नका, बिलापासून करा.

कायदा आधी पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४(१)(ग) मध्ये (इंग्रजी प्रतीत हेच पोटकलम 'जी') असे म्हटले आहे की पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा पंचायतीच्या नोकरीत ज्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य होऊ शकत नाही आणि सदस्य राहूही शकत नाही. म्हणजे तुम्हाला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत : काम किंवा करार पंचायतीचा होता, त्यात सदस्याचा हिस्सा होता, आणि तो सदस्य असतानाच्या काळात होता. या तिन्हींपैकी एक जरी लंगडी पडली तरी अर्ज फेटाळला जातो. काम निकृष्ट झाले, जास्त दराने झाले, हे सगळे खरे असले तरी या कलमाखाली त्याचा उपयोग नाही. तो वेगळा अर्ज, वेगळ्या अधिकाऱ्याकडे.

आता कागद. काखेत कळसा अशी अवस्था अनेकांची असते, म्हणून आधी फुकट मिळणारे पाहून घ्या. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडले की आराखड्यातील कामे आणि खर्चाच्या नोंदी दिसतात. वित्त आयोगाच्या निधीतून झालेली देयके इथे सापडतात. तारीख, रक्कम आणि काम यांची यादी वहीत उतरवून घ्या. पंचायतीच्या स्वनिधीतून झालेला खर्च इथे पूर्ण दिसेलच असे नाही आणि गोलमाल बहुधा स्वनिधीतच असतो. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागेल.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत आणि १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा असतो. "गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती" असे लिहिले की तो अर्ज मोघम विनंती म्हणून परत येतो. "सरपंचांच्या भावाला काम का दिले?" असे विचारले तर उत्तरच मिळत नाही, कारण 'का' हा प्रश्न माहितीत मोडत नाही, कार्यालयात असलेला कागदच मागता येतो. असे लिहून पाहा :

"माहितीचा विषय : अमुक वॉर्डातील पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम. कालावधी : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. हवी असलेली माहिती : सदर कामाचे अंदाजपत्रक, मासिक सभेचा ठराव, मागवलेली सर्व दरपत्रके वा निविदा आणि तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप वही (नमुना २० क), कामाचे देयक (नमुना २० ख), पुरवठादाराचे मूळ बिल, प्रमाणक (नमुना १२) आणि सामान्य रोकडवहीतील (नमुना ५) संबंधित नोंद यांच्या साक्षांकित प्रती."

एवढे बास. एका कामाला एक अर्ज. छायांकित प्रतीला पानामागे २ रुपये पडतात आणि एका कामाची फाइल क्वचितच पन्नास-साठ पानांच्या वर जाते.

फाइल हातात आली की आधी बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहा. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०) आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, मालकाचा प्रकार सांगते : पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. व्यक्ती असेल तर त्यापुढचे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. मग जीएसटीच्या संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो क्रमांक टाका. तिथे लॉगिन लागत नाही. 'श्री गणेश एंटरप्रायझेस' यासारख्या पाटीमागे कायदेशीर नाव कुणाचे आहे, नोंदणी कोणत्या तारखेची आहे आणि धंद्याचा पत्ता कोणता, हे कळते. निवडणुकीनंतर महिन्या-दोन महिन्यांत नोंदलेली आणि गावातल्या घराच्या पत्त्यावर चालणारी एजन्सी दिसली तर तो घर क्रमांक पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत (नमुना ८) शोधा. घर कुणाच्या नावावर आहे हे नमुना ८ सांगतो. आमच्या मते या सगळ्या शोधातला सर्वांत बोलका कागद हाच आणि तोच मागायचे लोक विसरतात.

बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल तर ते आपोआप बेकायदा ठरत नाही. छोट्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नसते. अशा वेळी कपातीचा तक्ता पाहा. ठेकेदाराच्या बिलातून आयकर कापताना व्यक्ती किंवा अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का आणि भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के कापतात. बिलावर 'अमुक अँड कंपनी' आणि कपात मात्र १ टक्का, तर पैसे एका माणसाच्या पॅनवर गेले आहेत. तो माणूस कोण, हे करारनाम्यावरची सही आणि सोबतची ओळखपत्रे सांगतील.

आणि तुलनात्मक तक्ता. तीन दरपत्रके तीन वेगळ्या दुकानांची, पण टंकलेखनातल्या चुका तिन्हींत सारख्याच, तारीख एकच आणि दोघांचे दर तिसऱ्यापेक्षा बरोब्बर पाच आणि दहा टक्के जास्त, असे दिसले तर ती तिन्ही एकाच टेबलावर तयार झालेली असतात. त्याच रस्त्याचे 'भाग १', 'भाग २', 'भाग ३' असे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली ठेवलेला असेल तर तेही टिपून ठेवा. यातून हितसंबंध सिद्ध होत नाही, पण सुनावणीत "बाजारभावाने सर्वांत कमी दर आला म्हणून दिले" हा बचाव यामुळे पडतो.

प्रश्न : पत्नी सदस्य आणि पती ठेकेदार, किंवा वडील उपसरपंच आणि मुलगा पाण्याचा टँकर चालवतो. एवढे नाते पुरेसे नाही का? (दोन वाचक, मराठवाडा आणि गोवा)

उत्तर : नाही आणि इथेच बहुसंख्य तक्रारी बुडतात.

गुलाम यासीन खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली, मध्य प्रांत व वऱ्हाडच्या जुन्या नगरपालिका कायद्याचा अर्थ लावताना, तत्त्व सांगितले ते आजही चालते : नुसते नाते म्हणजे हितसंबंध नव्हे, हितसंबंध आर्थिक किंवा तशाच भौतिक स्वरूपाचा असावा लागतो. त्यामुळे "तो त्याचा सख्खा भाऊ आहे" हे वाक्य तक्रारीत दहा वेळा लिहिले तरी वजन वाढत नाही.

गोव्याचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे विवाहानंतर पती-पत्नीच्या मालमत्तेत सामायिक हक्क येतो. २०१२ साली एका पंचायत सदस्येच्या प्रकरणात, पतीने पंचायतीचे काम घेतले होते म्हणून, गोवा पंचायत राज अधिनियमाखाली तिची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. गोव्यातल्या वाचकाने विवाहाचा दाखला आणि कार्यारंभ आदेश एवढ्यावर भर द्यावा. पती-पत्नींनी विवाहापूर्वी वेगळ्या मालमत्तेचा करार केला आहे का, ते मात्र तपासून घ्या. असेल तर समोरचा वकील तोच पुढे करील.

महाराष्ट्रात पैशाची वाट दाखवावी लागते. त्यासाठी हाती लागण्यासारखे कागद असे : एजन्सीचा भागीदारीनामा (नोंदणीकृत असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंद मिळते, नोंदणी सक्तीची नसल्याने नेहमी मिळेलच असे नाही), दोघांचे सामायिक बँक खाते, सदस्याच्या जागेत चालणारे एजन्सीचे गोदाम, सदस्याच्या नावावरचे यंत्र त्याच कामावर वापरल्याची नोंद आणि एकत्र शिधापत्रिका. शिधापत्रिका एकटी कमजोर असते, कारण "चूल एक, हिशेब वेगळे" असे सांगणे सोपे असते. दुसऱ्या कागदाला आधार म्हणूनच ती जोडा.

निवडणुकीच्या उमेदवारी अर्जाबरोबरचे शपथपत्र तर अवश्य मिळवा. त्यात उमेदवाराने स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता व देणी लिहिलेली असतात. जोडीदाराच्या रकान्यात ती एजन्सी, तिचे खाते किंवा तिच्यासाठी काढलेले कर्ज दिसले, तर सदस्याने स्वतःच्या सहीने संबंध कबूल केला असे म्हणता येते. आणि एजन्सी चालू असूनही शपथपत्रात तिचा पत्ताच नसेल, तर तो आणखी एक मुद्दा. प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून, बहुधा तहसीलमधून, मिळते.

टँकरबाबत थोडे वेगळे. वाहन क्रमांकावरून मालक शोधायला गेलात तर परिवहनच्या संकेतस्थळावर नाव अर्धे झाकलेले दिसते. आरटीओकडे अर्ज केला तर व्यक्तिगत माहिती म्हणून नकार येतो. त्याऐवजी पंचायतीकडून टँकरचा करारनामा आणि खेपांची नोंदवही मागा. करारनाम्याला वाहनाच्या नोंदणीपुस्तकाची प्रत सहसा जोडलेली असते. खडी-मुरमाच्या कामात गौण खनिजाचे वाहतूक पास बिलाला जोडलेले असतात. त्यावर खडी कुठून उचलली हे लिहिलेले असते. ठेका तिसऱ्याच्या नावावर आणि खडी सदस्याच्याच क्रशरची, अशा 'अप्रत्यक्ष' हितसंबंधाचा माग याच पासवरून लागतो.

एक पळवाट सांगायला हवी. याच कलमाच्या स्पष्टीकरणाने काही गोष्टी वगळल्या आहेत. जॉइंट स्टॉक कंपनीतला नुसता शेअर किंवा नोंदणीकृत संस्थेतला हिस्सा एवढ्यामुळे सदस्य अपात्र होत नाही. मजूर सहकारी संस्थेला काम गेले आणि सदस्य त्या संस्थेचा सभासद आहे, एवढ्यावर अर्ज टिकणार नाही. आपल्याकडे बरीच कामे मजूर संस्थांच्या नावावर जातात आणि प्रत्यक्षात दुसराच माणूस ती करतो, ते याचमुळे सोयीचे पडते. अशा वेळी संस्थेतून पुढे पैसे कुणाच्या खात्यात गेले हे दाखवावे लागते. ते सहकार खात्याच्या लेखापरीक्षण अहवालात कधी कधी सापडते. जिल्हा उपनिबंधकांकडे त्या अहवालाची प्रत मागा.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या विकास आराखड्यातला रस्ता सरकला आणि एका नगरसेवकाच्या नातेवाइकांच्या जमिनीला अचानक रस्त्याची कड मिळाली. यात ठेका नाही, बिल नाही. काय शोधायचे? (एक वाचक, खानदेश)

उत्तर : इथे तारखा शोधायच्या. एका मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर दोन रंगांनी तारखा मांडा. एका रंगाने जमिनीच्या, दुसऱ्या रंगाने नगरपरिषदेच्या.

जमिनीच्या तारखा नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरील सूची क्रमांक दोनमधून मिळतात. गाव, गट किंवा सर्व्हे क्रमांक आणि वर्ष टाकून शोधा : घेणार, देणार, क्षेत्र, मोबदला, बाजारमूल्य आणि नोंदणीची तारीख दिसते. विसार पावती किंवा साठेखत नोंदलेले असेल तर तेही याच यादीत येते आणि खरेदीखतापेक्षा ते जास्त महत्त्वाचे, कारण ठरवाठरवी त्या दिवशी झालेली असते. सातबारावर आज दिसणारे नाव पुरेसे नाही. फेरफार उतारे (नमुना ६) मागे मागे काढत जा. आडनावावर विसंबू नका; जमीन सासुरवाडीच्या, मेहुण्याच्या किंवा गाडीचालकाच्या नावाने घेण्याची पद्धत जुनी आहे. त्याच माणसाच्या नावाचे कुलमुखत्यारपत्र नगरसेवकाला दिलेले असेल तर संबंध तिथे उघडा पडतो.

नगरपरिषदेच्या तारखा : विषयपत्रिका, ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदक, हजेरी आणि इतिवृत्त. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर नोटीस काढून एक महिना हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस कोणत्या दैनिकात, कोणत्या तारखेला आली ते पाहा. नेमकी गावात कुणी न वाचणाऱ्या पत्रात ती छापली असेल, तर हरकती न येण्याचे कारण तेच. हरकतींवरील सुनावणीचा अहवाल वेगळा मागा.

जमीन जर ठरावाच्या चार महिने आधी घेतली आणि सूचक तोच नगरसेवक, तर चित्र बोलते. पण स्पष्ट सांगायला हवे की कायदा इथे कमकुवत आहे. नगरपरिषद अधिनियम, १९६५ मधली अपात्रताही मुख्यतः नगरपरिषदेच्या कामात आणि करारात हिस्सा असण्याभोवती फिरते. जमिनीची किंमत वाढणे म्हणजे करार नव्हे. म्हणून हरकतीचा महिना चालू असेल तर सगळी ताकद तिथेच लावा. मुदत गेली असेल तर मंजुरी शासनाकडे प्रलंबित असतानाच तारखांचा तक्ता आणि सूची क्रमांक दोनच्या प्रती नगरविकास विभाग आणि नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेकडे द्या. एकदा मंजुरीची अधिसूचना निघाली की उच्च न्यायालयाशिवाय फारसा मार्ग राहत नाही. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम अॅक्टप्रमाणे तिथल्या नगरसेवकाला २८ दिवसांत स्वतःचे आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध, जमिनीसह, खुल्या नोंदवहीत लिहावे लागतात आणि जाणूनबुजून लपवणे हा गुन्हा आहे. आपल्या ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद अधिनियमात तशी नोंदवही असती, तर तुम्हाला सहा महिने तारखा जुळवत बसावे लागले नसते.

प्रश्न : माहिती अधिकाराच्या अर्जाला "त्रयस्थ व्यक्तीची व्यक्तिगत माहिती" म्हणून नकार आला. पुढे काय? (तीन वाचक)

उत्तर : नकार नेमका कशाला आहे ते आधी पाहा. मालमत्ता विवरण, आयकर विवरण, बँक खाते मागितले असेल तर नकार टिकण्याची शक्यता मोठी आहे. २०१२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ही माहिती व्यक्तिगत धरली जाते आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकार अधिनियमातले, अशा नकाराचा आधार असलेले कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजी प्रतीतले पोटकलम 'जे', आणखी कडक केले आहे. पण कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप वही आणि देयक ही सार्वजनिक पैशाची कागदपत्रे आहेत. त्यांवरचा पॅन किंवा खाते क्रमांक झाकून बाकीचा भाग देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, असे सांगणारे कलम ८(२) अजून जागेवर आहे. पहिल्या अपिलात ही दोन्ही कलमे नावानिशी लिहा.

अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टॅम्पसह करायचे. अपील कुणाकडे, ते कार्यालयातल्या फलकावर असायला हवे. ग्रामपंचायतीबाबत तो अधिकारी पंचायत समितीत बसतो. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. तिथला अनुशेष मोठा आहे, म्हणून दुसऱ्या अपिलावर सगळे टांगून ठेवू नका. ३० दिवसांत काहीच उत्तर आले नाही तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) अपिलात आठवण म्हणून नोंदवा.

दरम्यान दुसरी वाट : २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तर आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचा आहे. अनेक कार्यालयांत हे कुणाला माहीतच नसते. शासन निर्णयाची प्रत बरोबर न्या. पाहताना पान क्रमांक आणि ठराव क्रमांक टिपून घ्या. नंतरच्या अर्जात "पान ११२ ची प्रत" असे मागितले की "अभिलेख आढळून येत नाही" हे उत्तर देणे कुणालाही अवघड जाते.

प्रश्न : सरपंच नाही, ग्रामसेवकच पुरवठादार आहे, एजन्सी पत्नीच्या नावे. (एक वाचक, कोकण)

उत्तर : ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, लोकप्रतिनिधी नाहीत. त्यामुळे कलम १४ त्यांना लागू नाही. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत. त्यांना महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागतात. तक्रार गटविकास अधिकाऱ्यांमार्फत न करता थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे द्या आणि गटविकास अधिकाऱ्यांना प्रत पाठवा. जीएसटीच्या संकेतस्थळावरचे छापील पान, तिन्ही दरपत्रके आणि प्रमाणकावरची त्यांचीच सही एवढे पुरे आहे. लाच मागितली असेल तर गोष्ट निराळी, तिथे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक. लाच न मागता स्वतःच्या घरी बिल वळवले असेल, तर २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १७ अ मुळे चौकशीआधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि तिथे महिने जातात. विभागीय चौकशी चालू करून घेणे जास्त फलदायी.

प्रश्न : पुरावा जमला. अर्ज कुणाकडे आणि सुनावणीत काय होते? (अनेक वाचक)

उत्तर : ग्रामपंचायत सदस्याविरुद्ध ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज कुणीही करू शकतो, गावचा मतदार असण्याची अट नाही. शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यावा असे कलमात आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत अपील, जे व्यवहारात विभागीय आयुक्तालयात चालते. हे १५ दिवस हुकले की चांगला खटलाही मातीत जातो, म्हणून निकालाची साक्षांकित प्रत त्याच दिवशी मागा. नगरपरिषद सदस्यांबाबतही निर्णय जिल्हाधिकारीच देतात, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीबाबत विभागीय आयुक्त. महापालिकेत प्रकरण न्यायाधीशांपुढे जाते आणि ते पाठवण्याची किल्ली नगरसेवकाकडे किंवा आयुक्तांकडे असते. त्यामुळे सामान्य नागरिकाने आधी आयुक्तांकडे लेखी मागणी करावी. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथली कलमे वेगळी.

कलम १४ आणि कलम ३९ एकाच अर्जात मिसळू नका. कलम ३९ गैरवर्तनाबद्दल पदावरून काढण्याचे आहे. त्याची चौकशी मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि निर्णय आयुक्तांचा. दोन्हींची खिचडी केली की दोन्हीकडून "आमच्या अधिकारात नाही" असे उत्तर येते.

समोरून येणारे बचाव ठरलेले असतात. "ठेका निवडणुकीच्या आधीचा आहे" असे आले तर शेवटचे देयक आणि मोजमाप वहीतील शेवटची नोंद दाखवा. निवडून आल्यानंतरही काम आणि पैसा चालूच होता, हे त्यातून दिसते. "भाऊ विभक्त आहे" असे आले तर वाटणीपत्र मागा आणि त्याची तारीख पाहा. नोटीस मिळाल्यानंतर शंभराच्या स्टॅम्पवर झालेली वाटणी आम्ही मोजण्यापलीकडे पाहिली आहे. "बिल अजून मिळालेलेच नाही" हा बचाव कायद्यात फारसा चालत नाही, कारण कलम हिस्सा आणि हितसंबंध याबद्दल बोलते, मिळालेल्या रकमेबद्दल नाही. "मी त्या सभेला गैरहजर होतो" असे म्हटले तर हजेरीपट आणि इतिवृत्तावरची सही काढा. हजर नसतानाही हितसंबंध असतोच, पण खोटे बोलणे उघडे पडले की बाकीच्या बचावाचेही वजन उतरते.

हितसंबंधाचा पुरावा थोडा कमी पडतोय असे वाटले तर त्याच सदस्याबाबत दोन बाजूच्या वाटा तपासा. मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत घरपट्टी-पाणीपट्टी न भरल्यास कलम १४(१)(ह) लागते आणि शासकीय जागेवर अतिक्रमण असल्यास (ज-३). २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण कुटुंबीयाने केलेले असले तरी तिथे राहणारा सदस्य अपात्र ठरतो असा निकाल दिला. म्हणजे भाऊ, सासरा यांच्या आड लपणे ठेक्याच्या प्रकरणात जितके जमते तितके अतिक्रमणात जमत नाही. अनेक अनुभवी कार्यकर्ते याच दाराने जातात.

प्रश्न : तोपर्यंत कागद गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले तर चालेल का?

उत्तर : कागद टाकणे आणि "अमुक चोर आहे" असे लिहिणे यात फरक आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अजूनही गुन्हा आहे. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला त्यात अपवाद आहे. ग्रुपवरच्या मजकुराला तो आपसूक मिळत नाही. शिवाय कागद आधीच फुटले की समोरच्याला नोंदी दुरुस्त करायला आणि जुनी वाटणी दाखवायला वेळ मिळतो. नमुना ८ मधले नाव रातोरात बदललेले दिसते ते यामुळेच. आधी साक्षांकित प्रती घ्या, अर्ज दाखल करा, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. एजन्सीच्या मालकाचे म्हणणेही एकदा लेखी विचारून ठेवा, पत्र पोचपावतीच्या डाकेने. उत्तर आले नाही तर ती पोचपावतीच जोडा. सुनावणीला तीन संच न्या : एक अधिकाऱ्यांना, एक समोरच्या पक्षाला, एक स्वतःकडे. तिन्हींना सारखेच पान क्रमांक द्या.